कॅलिपरमध्ये तुटून अडकलेला ब्लीडर स्क्रू काढण्याविषयी

रत्नागिरीच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे की, बारा वर्षे जुन्या हॅचबॅक गाडीचे ब्रेक ऑइल घरच्या घरी बदलायला घेतले असता पुढच्या डाव्या कॅलिपरवरील (पॅड दाबून चाकाची तबकडी थांबवणाऱ्या भागावरील) ब्लीडर स्क्रूचे, म्हणजे ब्रेकमधली हवा आणि जुने ऑइल काढण्याच्या स्क्रूचे, षट्कोनी डोके रिंग पान्याबरोबरच तुटून हातात आले, आट्यांचा भाग मात्र कॅलिपरच्या अंगातच राहिला. तुटण्यापूर्वी स्क्रू जराही फिरला नव्हता, असे ते सांगतात. बाजारातून त्यांनी ‘इझी आउट’चा, म्हणजे तुटलेल्या स्क्रूच्या भोकात रुतवून तो फिरवून काढण्याच्या हत्यारांचा, संच आणून ठेवला आहे. तो वापरून तुकडा घरीच काढता येईल का आणि तोवर गाडी चालवता येईल का, हे त्यांना विचारायचे आहे. गेली सत्तावीस वर्षे कोल्हापुरात ब्रेक दुरुस्तीचे काम करत असल्यामुळे असे तुकडे मी पुष्कळ काढले आहेत आणि सुरुवातीच्या काळात काही कॅलिपर माझ्या हातून वायाही गेले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गाडी चालवण्याचा प्रश्न आधी घेतो. ब्लीडर स्क्रू ऑइल अडवतो तो आट्यांनी नव्हे. स्क्रूचे आतले टोक शंकूच्या आकाराचे असते, ते कॅलिपरमध्ये कापलेल्या बैठकीवर घट्ट दाबून बसते, आणि सगळे अडवणे तिथेच होते. त्या टोकाच्या थोडे वर स्क्रूला आडवे भोक असते आणि तिथून मधोमध पोकळ नळी वरपर्यंत येते. स्क्रू सैल केला की शंकू बैठकीवरून उचलला जातो आणि ऑइल आडव्या भोकातून नळीत येऊन बाहेर पडते. स्क्रू न फिरताच डोके तुटले असेल, तर शंकू अजून पूर्वीइतकाच घट्ट बसलेला आहे आणि गळतीचे कारण नाही. तरी खात्री करावी. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे आणि तुटलेल्या जागी कोरडा कागद टेकवून तो ओला होतो का, हे दुसऱ्या माणसाने पाहावे. कागद कोरडा राहिला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येईल. तुटण्यापूर्वी स्क्रू थोडा जरी सैल झाला असता, तर मात्र ती गाडी हलवू नका असेच मी सांगितले असते.

हा स्क्रू का तुटतो, हे समजले की तो काढायचा कसा हे अर्धे कळते. कॅलिपर बहुतेक गाड्यांत बिडाचा आणि काहींत अॅल्युमिनियमचा असतो, स्क्रू मात्र जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. डोक्यावरची रबरी टोपी हरवली की नळीत पाणी आणि माती साचते. कोकणात त्याच्या जोडीला चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा असतो. मुलामा गेल्यावर पोलाद गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्याने आट्यांच्या फटीत तो पाचरीसारखा दाटून बसतो. कॅलिपर अॅल्युमिनियमचा असेल तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी तेच काम करते. एवढ्या जखडलेल्या स्क्रूला मधून पोकळ केलेले असते, आणि डोक्याखालची मान तर सगळ्यात बारीक असते. बारा कोनी रिंग पान्याने जोर लावला की आटे सुटण्याआधी ही मान पिळवटून तुटते. खरा दोष तुमच्या हाताचा नाही. दर खेपेला ब्रेक पॅड बदलताना पिस्टन नुसता मागे ढकलला गेला आणि स्क्रू वर्षानुवर्षे कोणी उघडलाच नाही, हा दोष आहे.

तुमच्या गाडीत आणखी तीन निपल (ब्लीडर स्क्रूलाच आम्ही निपल म्हणतो) उघडायचे आहेत, म्हणजे पुढचा उजवा कॅलिपर आणि मागे ड्रम असतील तर तिथले दोन व्हील सिलिंडर, म्हणून ते कसे उघडावेत हे इथेच सांगतो. तारेच्या ब्रशने मुळाशी साफ करून झिरपणारे तेल लावावे आणि रात्रभर ठेवावे. स्क्रू बंद असेपर्यंत हे तेल शंकूच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे आतल्या रबराला धोका नसतो. दुसऱ्या दिवशी नळीत घट्ट बसेल अशा मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा आत घालावा, म्हणजे पिळाच्या जोराने पोकळ भिंत आत दबत नाही, आणि स्क्रूच्या डोक्यावर बोथट पोगर ठेवून हातोडीचे सात-आठ हलके पण नेमके ठोके द्यावेत. त्या हादऱ्याने आट्यांतला गंज तडकतो. मग सहा कोनी सॉकेटने आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने असा आळीपाळीने जोर द्यावा. सॉकेटला लांब हँडल लावू नये, कारण मनगटाला जाणवणारा जोरच तुम्हाला कुठे थांबायचे ते सांगतो. पानाच स्प्रिंगसारखा लवतो आहे असे वाटले की थांबून पुन्हा तेल आणि ठोके, एवढाच क्रम. घाई करणाऱ्याच्या हाती डोके येते, हे तुम्ही पाहिलेच आहे.

आता तुटलेल्या तुकड्याकडे वळू. तो गाडीवर ठेवून काढण्याचा प्रयत्न करू नये. कॅलिपर उतरवूनच काम करावे, कारण ड्रिल सरळ धरणे आणि आतला चुरा पूर्ण धुणे या दोन्ही गोष्टी चाकाच्या कमानीत वाकून होत नाहीत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, घोडीवर (पक्क्या स्टँडवर) घ्यावी. होज (ऑइलची रबरी नळी) सोडवण्याआधी एक उपयोगी काम उरकून घ्यावे: कॅलिपर ब्रॅकेटवरून काढून, पिस्टन आणि समोरचा पंजा यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून, पेडल सावकाश दाबत पिस्टन जवळजवळ बाहेर येईपर्यंत सरकवावा. ब्रेकच्या दाबाने गंजलेला पिस्टनही शांतपणे बाहेर येतो. कॉम्प्रेसरच्या हवेने तोच पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असेल तर ते चिरडते. त्यानंतर पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबलेल्या स्थितीत सीटला काठी टेकवून अडकवून ठेवावे. त्यामुळे मास्टर सिलिंडरमधील (पेडलच्या जोराने दाब तयार करणाऱ्या भागातील) टाकीकडचे भरपाईचे छिद्र बंद राहते आणि होज सोडल्यावर टाकी रिकामी होत नाही. बँजो बोल्ट, म्हणजे होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट, उघडल्यावर त्याचे तांब्याचे दोन्ही वायसर टाकून द्यावेत आणि परत जोडताना नवेच घालावेत. सांडलेले ब्रेक ऑइल गाडीचा रंग उचकटते, म्हणून फेंडरवर पडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

कॅलिपर टेबलावर आला की पिस्टन, त्याची चौकोनी काटछेदाची सील आणि धुळीचे रबरी बूट काढून टाकावे. हे टाळता येत नाही, कारण पुढे उष्णता द्यायची आहे आणि उष्णतेने करपलेली सील बाहेरून चांगलीच दिसते. सील आणि बुटाचा नवा संच आधी आणून ठेवावा. आणखी एक ताकीद इथेच देतो. स्प्रेच्या डब्यातील काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरिनयुक्त द्रावक असते, आणि त्याचा अंश राहिलेल्या भागावर वेल्डिंग केले किंवा ज्योत दिली तर फॉस्जीन नावाचा अत्यंत विषारी वायू तयार होतो. म्हणून वेल्डिंगपूर्वी धुण्यासाठी असा क्लीनर मुळीच वापरू नये, साबणाच्या गरम पाण्याने धुऊन भाग पूर्ण वाळवावा.

तुम्ही आणलेल्या इझी आउटबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या जागी तो वापरू नका. त्याचे निमुळते अंग डाव्या पिळाचे असते आणि ते भोकात जितके रुतते तितके भोकाच्या भिंतीला बाहेर रेटते. भरीव स्टडमध्ये भिंत जाड असते म्हणून ते चालते. ब्लीडर स्क्रूची भिंत पातळ असते, ती फुगून आट्यांवर आणखी घट्ट दाबली जाते आणि स्क्रू सुटण्याऐवजी जास्त जखडतो. शिवाय इझी आउट अतिशय कठीण आणि तितक्याच ठिसूळ पोलादाचा असतो, आणि तो आत तुटला तर साधे ड्रिल त्यावर चालतच नाही. असे काम घेऊन लोक आमच्याकडे येतात तेव्हा तो कॅलिपर उद्यमनगरात स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) मशीनवर पाठवावा लागतो, आणि बऱ्याचदा त्या खर्चात नवा कॅलिपर आला असता असे मालकालाच सांगण्याची वेळ येते.

तुकडा पृष्ठभागाच्या वर थोडासा जरी डोकावत असेल किंवा पृष्ठभागाच्या सपाटीत असेल, तर माझी पहिली पसंती नट वेल्ड करण्याला असते. स्क्रूच्या आट्यांपेक्षा किंचित मोठ्या भोकाचा साधा पोलादी नट, ज्यावर जस्ताचा मुलामा नाही असा, तुकड्यावर बरोबर मधोमध ठेवावा आणि मिग वेल्डिंगची तार नटच्या आतून तुकड्याच्या डोक्यावर टेकवून खालून वर भरत यावे. नळी त्यात बंद झाली तरी बिघडत नाही, तो स्क्रू टाकूनच द्यायचा आहे. कॅलिपर अॅल्युमिनियमचा असेल तर पोलादी वेल्ड त्याला चिकटत नाही. बिडाचा असेल तर मात्र आर्क भोकाच्या काठाला लागणार नाही याची काळजी घ्यावी लागते, म्हणून हे काम सराव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यावे. वेल्ड लाल असताना नट फिरवू नये. लाली गेल्यावर, पण भाग अजून हाताला लावता येणार नाही इतका तापलेला असताना, मेणबत्तीचे मेण नटच्या मुळाशी टेकवले की ते वितळून आट्यांच्या फटीत ओढले जाते. मग पान्याने अगदी थोडे पुढे-मागे, पुढे-मागे हलवत जावे. नट निघून आला तर दुसरा लावावा. तीन-चार नट खर्ची पडल्यावर सुटलेले तुकडे मी पाहिले आहेत, कारण दर वेळच्या तापण्या-निवण्याने गंज थोडा थोडा तडकत असतो.

वेल्डिंग नको असेल तेव्हा लोक नुसती ज्योत देतात. तिथे एक गैरसमज आहे. बीड आणि पोलाद तापल्यावर जवळपास सारखेच प्रसरण पावतात, त्यामुळे दोन्ही एकत्र तापवले तर फट वाढत नाही. ज्योत कॅलिपरच्या अंगावर द्यावी, स्क्रूवर नव्हे, म्हणजे बाहेरचे अंग आतल्या तुकड्यापेक्षा काही काळ गरम राहते आणि त्या थोड्या काळातच काम साधावे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, त्यामुळे तिथे ही युक्ती जास्त चांगली लागू पडते, पण अॅल्युमिनियम लाल न होताच वितळते. रंगावरून अंदाज घेण्याची सवय असलेल्या हातांनी तिथे जास्त सांभाळावे.

तुकडा पृष्ठभागाच्या खोल आत तुटला असेल तर ड्रिलला पर्याय नाही, आणि कॅलिपर वाचणार की जाणार हे इथेच ठरते. वाचवायची असते ती बैठक. आटे थोडे दुखावले तरी चालतात, बैठकीवर ड्रिलचे टोक एकदा फिरले की नवा स्क्रू कितीही आवळला तरी तिथून ऑइल पाझरत राहते. सुरुवातीच्या काळात एका टॅक्सीच्या कॅलिपरमधला तुकडा मी अर्ध्या तासात कोरून काढला, आटे आरशासारखे निघाले म्हणून खूशही झालो, आणि जोडल्यावर पेडल दाबताच नव्या निपलच्या मुळाशी थेंब जमू लागला. तो कॅलिपर मला स्वतःच्या खिशातून भरून द्यावा लागला. तेव्हापासून खोली मोजल्याशिवाय मी ड्रिल लावत नाही. मोजायची सोपी रीत अशी की, दुसऱ्या बाजूचा कॅलिपर बहुधा याचाच आरसाप्रतिमा असतो. त्याचा निपल उघडून व्हर्नियरच्या खोली मोजण्याच्या दांडीने पृष्ठभागापासून बैठकीपर्यंतचे अंतर घ्यावे, त्यातून शंकूच्या टोकाची उंची आणि वर एक मिलिमीटर वजा करावा, आणि तेवढ्या अंतरावर ड्रिल बिटला घट्ट कॉलर बसवावी. चिकटपट्टीची खूण ड्रिल सुरू असताना सरकते, तिच्यावर विसंबू नये.

स्क्रूची स्वतःची नळी बरोबर मध्यावर असल्याने ती आयती वाटाडी असते. कॅलिपर व्हाइसमध्ये किंवा ड्रिल प्रेसच्या टेबलावर असा बांधावा की नळीत घातलेला दांडा सर्व बाजूंनी काटकोनात दिसेल. मग डाव्या पिळाचे बिट, मशीन उलटे फिरवून, कमी वेगाने आणि कापण्याचे तेल सोडत, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढवत न्यावे. डाव्या पिळाचा फायदा असा की बिट मध्येच अडकले तरी तुकड्याला सुटण्याच्या दिशेनेच ओढते, आणि भिंत पातळ होऊन दाब सैल झाला की तुकडा कधी कधी बिटबरोबर फिरून वर येतो. आला नाही तर आट्यांच्या मुळाच्या व्यासाच्या जरा अलीकडेच थांबायचे. एम १० गुणिले १ (व्यास आणि दोन आट्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये) या आट्यांसाठी टॅपचे, म्हणजे आटे कापण्याच्या हत्याराचे, भोक ९ मिलिमीटर असते, एम ८ गुणिले १.२५ साठी ६.८ आणि एम ७ गुणिले १ साठी ६, म्हणून त्या त्या मापाच्या अर्धा मिलिमीटर आधीच ड्रिल बाजूला ठेवावे. उरलेली पातळ भिंत बारीक टोच्याने काठापासून आत वळवली की आट्यांत अडकलेला पोलादी पीळ स्प्रिंगच्या तुकड्यासारखा उलगडत निघतो. मग त्याच मापाचा, तळापर्यंत कापणारा टॅप हाताने, अर्धी फेरी पुढे आणि पाव मागे असा फिरवून आटे साफ करावेत. टॅप तळाशी टेकल्याची जाणीव झाली की लगेच थांबावे, नाहीतर बैठक टॅपनेच जाते. खाली सैल पडलेले शंकूचे टोक चष्मा लावून, भोकावर फडके धरून, उलट बाजूने म्हणजे पिस्टनच्या घरातून हवा मारून बाहेर काढावे.

आता बैठक टॉर्चने पाहावी. सगळीकडून सलग, चमकती कडी दिसली तर काम झाले. एका बाजूने बारीक ओरखडा असेल तर मिलिंग मशीनवर योग्य कोनाच्या कटरने अगदी हलका काप घेऊन ती सुधारता येते. हातातल्या ड्रिलने बैठक सुधारण्याचा प्रयोग करू नये. खोल खड्डा असेल तर तो कॅलिपर बाजूला ठेवावा. बाजारात दुरुस्तीचे संचही मिळतात, ज्यांत भोक मोठे करून पाइपचे आटे पाडतात आणि त्यात स्वतःची बैठक असलेला अडॅप्टर व त्याच्या आत लहान ब्लीडर बसवतात. ते चालतात, पण अंगाचा बराच धातू त्यात जातो, आणि रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला नवा किंवा चांगला रिकंडिशन केलेला कॅलिपर मिळत असताना मी ते बसवत नाही. जुन्या, सुटे भाग न मिळणाऱ्या गाडीसाठी माझे मत वेगळे असेल. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून गळती थांबवण्याचा उपाय तर उपायच नव्हे. आटे ऑइल अडवतच नाहीत, आणि पट्टीचे तंतू आत जाऊन वाट बंद करू शकतात.

जोडण्याआधी कॅलिपरच्या प्रत्येक वाटेतून स्वच्छ ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून कोरडी हवा मारावी. या टप्प्यापासून पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल जवळही आणू नये, कारण ब्रेकच्या सील ज्या रबराच्या असतात ते खनिज तेलाने फुगते. लावलेले मेण आणि झिरपणारे तेलही याच कारणासाठी पूर्ण निघायला हवे. नव्या स्क्रूचा शंकू कोरडा ठेवावा. आट्यांच्या वरच्या दोन-तीन फेऱ्यांना जखडण्यापासून वाचवणाऱ्या पेस्टचा अगदी पातळ हात द्यावा. एम ७ किंवा एम ८ स्क्रूला साधारण ७ ते १० न्यूटन मीटर एवढाच पीळ पुरतो, म्हणजे लहान पान्याने दोन बोटांचा जोर. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. रबरी टोपी विसरू नये. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल होत नाही ना, तेही पाहावे. निपल वरच्या टोकाला असायला हवा, तो खाली आला तर वर साचलेली हवा कितीही पंप केले तरी निघत नाही आणि माणूस दिवसभर मास्टर सिलिंडरला दोष देत बसतो.

हीच गोष्ट उलट वापरून अडीअडचणीला एक तात्पुरता मार्गही निघतो. समजा होज बदलल्यामुळे हवा शिरली आहे आणि निपल तुटलेला आहे, तर कॅलिपर ब्रॅकेटवरून काढून बँजो बोल्टची जागा सर्वांत वर येईल असा धरावा, पॅडच्या मध्ये लाकडी ठोकळा अडकवावा, आणि पेडल दाबलेले असताना बँजो बोल्ट किंचित सैल करून हवा तिथून काढावी. याने पेडल चांगले येते. हे गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतेच करावे.

जोडणी झाल्यावर नव्या, सीलबंद बाटलीतील ब्रेक ऑइलनेच हवा काढावी. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश आणि ओलावा शोषल्यावर १४० अंश सेल्सिअस धरलेला आहे, डॉट ४ चा २३० आणि १५५. आंबा घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. टाकीच्या झाकणावर जो दर्जा लिहिला असेल तोच भरावा आणि काम चालू असताना टाकीतील पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये. चाकांचा क्रम पुस्तिकेप्रमाणे घ्यावा. शेवटी इंजिन चालू करून पेडल दोन मिनिटे पूर्ण जोराने दाबून धरावे, नव्या निपलभोवती आणि बँजो बोल्टभोवती कागद टेकवावा, मग मोकळ्या जागेत कमी वेगात आठ-दहा वेळा ब्रेक लावून आल्यावर तोच कागद पुन्हा टेकवावा. तुमच्याकडे मिग वेल्डिंग किंवा ड्रिल प्रेस नसेल, तर कॅलिपर उतरवण्यापर्यंतचे आणि नंतर जोडण्याचे काम तुम्ही करा आणि मधला तुकडा काढण्याचे काम जवळच्या चांगल्या लेथवाल्याकडे द्या. त्याच्याकडे जाताना नवा स्क्रू आणि बैठकीच्या खोलीचा मोजलेला आकडा कागदावर लिहून सोबत न्या.